सगळंच कशाला पुसायचं?

"कॅशे क्लिअर करून बघ." कॉम्प्युटरला काहीही झालं तरी आपल्याकडे पहिला सल्ला हाच मिळतो. परीक्षेचा फॉर्म उघडत नाही? कॅशे क्लिअर कर. निकालाच्या पानावर मागच्या सेमिस्टरचीच यादी दिसते? कॅशे क्लिअर कर. कॉम्प्युटर हळू चालतोय? कॅशे क्लिअर कर. घरात कोणीतरी आपला ब्राउझर बघेल अशी भीती आहे? मग तर लगेच कर. पूर्वी ताप, खोकला, पोटदुखी या सगळ्यावर घरोघरी एकच काढा असायचा. हा आजच्या घरातला काढा.

माझं म्हणणं असं, की हा काढा अगदी थोड्या दुखण्यांवर लागू पडतो. बाकी वेळा तो एक तर दुसऱ्याचं काम आपल्या गळ्यात घालतो, नाहीतर काहीच लपलेलं नसताना लपल्याची खोटी खात्री देतो. आणि कधीकधी घरातल्या दुसऱ्याच कोणाचं तरी लिहिलेलं, जपलेलं धुऊन नेतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एकच कॉम्प्युटर असतो. त्यावर बाबा बिलं भरतात, आई ऑर्डर बघते, धाकटा गृहपाठ करतो आणि रात्री आपण असाइनमेंट लिहितो. अशा घरात "सगळं पुसून टाक" हा सल्ला वाटतो तेवढा साधा राहत नाही.

आधी शब्द बघू. वाङ्मय मंडळात शब्दापासून सुरुवात केली तर कोणी हरकत घेणार नाही. 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द इंग्रजीत आला. हाताशी लपवून ठेवलेला साठा, असा त्याचा अर्थ. 1968 साली आयबीएमच्या सिस्टीम/360 मॉडेल 85 या संगणकातल्या छोट्या, वेगवान स्मृतीला हे नाव दिलं गेलं आणि तिथून ते संगणकाच्या भाषेत रुळलं. खरा उच्चार 'कॅश' असा आहे, पण नोटांच्या कॅशशी घोळ नको म्हणून आपल्याकडे बरेच जण 'कॅशे' म्हणतात. मीही इथे तेच म्हणते.

ब्राउझरचा कॅशे म्हणजे स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा. हळद, मोहरी, जिरं दर फोडणीला दुकानातून आणायचं झालं तर जेवायला संध्याकाळ होईल. म्हणून थोडं थोडं ओट्यावर हाताशी ठेवतो. ब्राउझर तेच करतो. एखाद्या साइटचं बोधचिन्ह, चित्रं, रंगरूपाची फाइल, अक्षरांचा फॉन्ट हे एकदा उतरवून घेतो आणि आपल्याच डिस्कवर ठेवतो. दुसऱ्यांदा त्या साइटवर गेलो की ते घरातूनच काढतो.

आता हळद किती दिवस चांगली राहते, हे डब्याला कसं कळणार? ते साइट सांगते. पान पाठवताना सर्व्हर सोबत एक अदृश्य चिठ्ठी देतो, की ही फाइल इतके सेकंद चालेल. 31536000 हा आकडा त्या चिठ्ठ्यांमध्ये फार दिसतो, आणि तो म्हणजे बरोबर एका वर्षाचे सेकंद. मुदत संपली की ब्राउझर सर्व्हरला विचारतो, "माझ्याकडे ही प्रत आहे, अजून तीच चालते का?" बदल नसेल तर सर्व्हर पूर्ण फाइल पुन्हा न पाठवता '304' एवढाच निरोप पाठवतो. 304 म्हणजे 'बदललेलं नाही'. हे नियम 1997 सालापासून एचटीटीपीच्या प्रमाण नियमावलीत लिहिलेले आहेत. म्हणजे शिळी वस्तू ओळखायची व्यवस्था आधीपासूनच आहे. दर आठवड्याला डबा उपडा करणं हे आपलं काम नाही.

मराठी वाचणाऱ्याला तर हा डबा विशेष उपयोगी आहे. रोमन लिपीच्या मानाने देवनागरीच्या फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे आकृत्या कितीतरी जास्त असतात, त्यामुळे फाइलही सहसा मोठी असते. कॅशे पुसला की मराठी साइट उघडताना तो फॉन्ट पुन्हा उतरवावा लागतो. घरी फायबर असेल तर काही जाणवणार नाही. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घरचा कॉम्प्युटर चालवणारी मुलं आपल्या वर्गात आहेत, आणि दिवसाला मिळणाऱ्या दीड-दोन जीबीमध्ये त्यांना क्लासही करायचा असतो. त्यांच्यासाठी हा फुकटचा खर्च आहे.

खरा घोटाळा पुढेच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबल्या की बहुतेक ब्राउझरमध्ये एक चौकट उघडते. क्रोममध्ये तिच्यात वेगवेगळ्या ओळी असतात: हिस्ट्री, कुकी आणि साइटचा इतर डेटा, साठवलेल्या प्रतिमा आणि फाइली. कॅशे म्हणजे यातली फक्त शेवटची ओळ. पण तिन्ही चौकोनांत आधीच बरोबरच्या खुणा केलेल्या असतात. 'कॅशे क्लिअर कर' असं ऐकून आलेला माणूस ओळी न वाचता बटण दाबतो आणि तिन्ही गोष्टी जातात.

या तीन गोष्टी एकमेकींपासून अगदी निराळ्या आहेत. हिस्ट्री म्हणजे आपण कुठे कुठे गेलो त्याची वही. कुकी म्हणजे दुकानाबाहेर पिशवी ठेवल्यावर हातात देतात तो बिल्ला. 1994 साली नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी कुकी वेबवर आणली ती याच कामासाठी, परत आलेला माणूस ओळखता यावा म्हणून. बिल्ला फेकून दिलात की दुकानदार तुम्हाला ओळखत नाही. तसंच कुकी पुसल्यावर बहुतेक साइट्स पुन्हा पासवर्ड मागतात. तो आईच्या कुठल्यातरी जुन्या वहीत असतो, आणि ती वही त्या दिवशी सापडत नाही.

यापेक्षाही महाग पडतो तो 'साइटचा इतर डेटा'. आपण ब्राउझरमध्ये जे लिहितो ते नेट नसताना त्या साइटच्या नावाने आपल्याच कॉम्प्युटरवर तात्पुरतं ठेवलं जाऊ शकतं. गुगल डॉक्स ऑफलाइन वापरत असाल तर नेट येऊन ते वर पोहोचेपर्यंत नवीन मजकूर इथेच असतो. त्या मधल्या वेळात कोणी कुकी आणि साइट डेटा पुसला, तर तो मजकूर परत मिळत नाही. पावसाळ्यात लाइन गेलेली असताना रात्री जागून कथा लिहायची आणि सकाळी दुसऱ्याने "स्लो चाललंय" म्हणून सगळं साफ करायचं, हे कोणाच्याही घरी घडू शकतं. पुसणाऱ्याला आपण काय पुसलं याचा पत्ताही नसतो. एक वाटी हळद जुनी झाली म्हणून कोणी मिसळणाचा सगळा डबा, वर कपाटातली कागदपत्रं, असं सगळं मिळून बाहेर टाकत नाही. ब्राउझरमध्ये मात्र आपण नेमकं तेच करतो.

आता माझी पहिली तक्रार. पान जुनं दिसतं तेव्हा दोष बहुतेक वेळा आपल्या कॉम्प्युटरचा नसून साइट चालवणाऱ्यांचा असतो. नवी यादी चढवताना फाइलचं नाव तेच ठेवलं, मुदत लांबलचक दिली, की ब्राउझर मुकाट्याने जुनी प्रत दाखवतो. दिलेली चिठ्ठी तो पाळतोय, त्याचं चुकलं कुठे? यावर उपाय सोपा आणि जुना आहे. फाइल बदलली की तिच्या नावात नवा क्रमांक घालायचा. जी पानं रोज बदलतात त्यांच्या चिठ्ठीत 'नो-कॅश' लिहायचं. या शब्दानेही अनेकांना फसवलं आहे. 'नो-कॅश' म्हणजे ठेवूच नको असं नाही, तर ठेव पण वापरण्याआधी प्रत्येक वेळी मला विचार. अजिबात ठेवायचं नसेल तर 'नो-स्टोअर' लिहावं लागतं. बँकेच्या किंवा गुणपत्रिकेच्या पानांना ते शोभतं.

काम अवघड नाही असं मात्र मी म्हणणार नाही. संगणकशास्त्रात दोनच गोष्टी कठीण, एक म्हणजे कॅशे शिळा कधी ठरवायचा आणि दुसरी म्हणजे नावं काय ठेवायची, असं एक वचन नेटस्केपच्या फिल कार्लटन यांच्या नावावर सांगितलं जातं. पण अवघड असलं तरी ते काम ज्यांचं आहे त्यांनीच करायला हवं. फॉर्मची शेवटची तारीख तोंडावर आलेली, पान जुनं दिसतंय आणि फोनवर पलीकडून थंड आवाजात "तुमच्याकडून कॅशे क्लिअर करा", हा अनुभव आपल्यातल्या बऱ्याच जणांना आहे. हजार मुलांनी हजार घरी डबे उपडे करण्यापेक्षा एका माणसाने एका चिठ्ठीत एक शब्द बदलणं सोपं नाही का? तेव्हा पुढच्या वेळी असा सल्ला मिळाला तर नम्रपणे विचारा, "सर, तुमच्या बाजूने फाइल बदलली आहे का?" आणि तोवर स्वतःपुरता इलाज म्हणून कंट्रोल धरून एफ-5 दाबा. तेवढंच पान सर्व्हरवरून ताजं येतं, बाकी काही पुसलं जात नाही. दहातल्या बऱ्याच वेळा एवढ्याने भागतं. नाहीच भागलं तर चौकट उघडा, पण खूण फक्त प्रतिमा आणि फाइलींच्या ओळीवर ठेवा.

दुसरी तक्रार आपल्याच समजुतीबद्दल आहे. कॅशे आणि हिस्ट्री पुसली म्हणजे आपण काय पाहिलं ते नाहीसं झालं, असं वाटतं. गंगेत डुबकी घ्या किंवा कन्फेशनला जा, दोन्हीकडे माणसाने मनातून काहीतरी करणं अपेक्षित असतं. इथे नुसतं बटण दाबून मोकळं व्हायचं! प्रत्यक्षात पुसली जाते ती आपल्या बाजूची प्रत. ज्या साइटवर गेलो तिच्या नोंदी तिच्याकडे असतात. कॉलेजच्या वायफायवर असू तर आपण कुठल्या साइटवर गेलो हे त्या नेटवर्कला दिसू शकतं. गुगलला लॉगिन असू तर खात्यातली 'माय ॲक्टिव्हिटी' वेगळी असते आणि वेगळीच पुसावी लागते.

इन्कॉग्निटोचंही तेच. खिडकी बंद केली की या कॉम्प्युटरवर हिस्ट्री उरत नाही, त्या मोडचं आश्वासन तेवढंच आहे. 2020 साली अमेरिकेत याच मुद्द्यावरून गुगलवर दावा झाला, की इन्कॉग्निटोत असतानाही माहिती गोळा होते. 2024 मध्ये तडजोडीत कंपनीने जुन्या नोंदी नष्ट करायचं कबूल केलं आणि खिडकीवरची सूचना अधिक स्पष्ट केली. काळा चष्मा घातलेलं चित्र बघून आपण जे गृहीत धरलं होतं, ते त्या सूचनेत नव्हतंच.

तरीही कॅशेचा आणि खाजगीपणाचा काहीच संबंध नाही, असं कोणी म्हणेल तर तेही बरोबर नाही. एखादी फाइल डब्यातून आली की बाहेरून, हे तिला लागणाऱ्या वेळावरून ओळखता येतं. त्यावरून तुम्ही आधी कुठल्या साइटवर गेला होतात हे दुसरी साइट ताडू शकते, असं एडवर्ड फेल्टन आणि मायकेल श्नायडर यांनी 2000 साली दाखवून दिलं होतं. पण त्यावरचा इलाज ब्राउझर बनवणाऱ्यांनी केला. क्रोमने 2020 मध्ये आणि फायरफॉक्सने 2021 मध्ये प्रत्येक साइटसाठी डब्याचे कप्पे वेगळे केले. म्हणजे इथेही रोज पुसणारा नाही, तर व्यवस्था नीट लावणारा कामाला आला.

आता घराकडे येते. कारण हा प्रश्न शेवटी तंत्रापेक्षा घराचा आहे. एका कॉम्प्युटरवर, एकाच नावाने, एकाच ब्राउझरमध्ये चार माणसं वावरतात. म्हणजे चौघांची डायरी एकाच वहीत. मग कोणी दुसऱ्याची पानं वाचतं, कोणी आपली पानं फाडतं आणि फाडताना दुसऱ्याचीही जातात. पुढे "हिस्ट्री रिकामी कशी?" यावरून वाद होतात. मुलगा म्हणतो, मी फक्त कॅशे क्लिअर केला. आईला वाटतं, लपवण्यासारखं काहीतरी असणार. दोघंही खरं बोलत असतात आणि तरी भांडण मिटत नाही.

यावर माझं मत स्पष्ट आहे. पुसापुशी कमी करा आणि खोल्या वेगळ्या करा. विंडोजमध्ये प्रत्येकाचं स्वतंत्र खातं, स्वतःच्या पासवर्डसह, फुकटात बनतं. त्यात ब्राउझरची हिस्ट्री, कुकी, कॅशे सगळंच वेगळं राहतं. क्रोममध्ये नुसती वेगळी प्रोफाइल बनवणंही काही नसण्यापेक्षा चांगलं, पण तिला कुलूप नसतं, एका क्लिकवर कोणीही दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये जाऊ शकतं. उठून जाताना विंडोजची कळ आणि एल दाबली की पडदा बंद. सिंक चालू असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: घरच्या कॉम्प्युटरवर पुसलेली हिस्ट्री किंवा पासवर्ड तुमच्या फोनवरूनही जाऊ शकतात.

काही पालक म्हणतील, वेगळी खाती म्हणजे मुलांना मोकळं रान. लहान मुलांसाठी नजर हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण अठरा-वीस वर्षांच्या मुलीने काय शोधलं हे तिच्या पाठीमागे वाचणं म्हणजे काळजी नव्हे. मनात काही घोळत असेल, शरीराबद्दल शंका असेल, कोणी त्रास देत असेल, तर आमच्या वयाची माणसं आधी सर्चला विचारतात आणि मग धीर झाला तर माणसाला. ती पहिली पायरीच कोणी वाचत असेल तर दुसरी पायरी येतच नाही.

आणि ज्यांच्या घरात खरोखर भीतीचं वातावरण आहे, त्यांच्यासाठी तर "सगळं क्लिअर कर" हा सल्ला धोक्याचा ठरू शकतो. रोज भरलेली असणारी हिस्ट्री एकदम कोरी दिसली की संशय घेणाऱ्याला तेवढंच पुरतं. अशा वेळी घरच्या कॉम्प्युटरवर शोधूच नये. कॉलेजच्या लायब्ररीतला किंवा विश्वासातल्या मैत्रिणीचा फोन किंवा कॉम्प्युटर वापरावा, काम झालं की तिथून लॉगआउट व्हावं. शोधण्याचीही सोय नसेल तर नंबर पाठ करून ठेवावेत. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा 14416, आणि तातडीचं असेल तर 112. हे आकडे लक्षात असले तर मदत कुठे मिळेल ते शोधावं लागत नाही, आणि पुसायला मागे सर्च उरत नाही.

मग कॅशे कधीच पुसू नये का? पुसावा की. कंट्रोल आणि एफ-5 दाबूनही पान तुटकं येत असेल तर पुसावा. कॉम्प्युटर विकायचा किंवा कोणाला द्यायचा असेल तर नुसता कॅशे नाही, सगळी डिस्कच पुसावी. सायबर कॅफेत बसला असाल तर उठताना लॉगआउट करून सगळं साफ करूनच उठावं, कारण ते आपलं घर नाही. डिस्क गळ्यापर्यंत भरली असेल तरी थोडी जागा मिळेल. पण डबा ओसंडेपर्यंत भरत नाही, जागा कमी पडली की ब्राउझर आपणहून जुन्या वस्तू काढतो. हळू चालणाऱ्या कॉम्प्युटरचं कारण बहुतेक वेळा उघडे ठेवलेले तीस टॅब असतात. ते बंद करून बघा.

चवथीच्या किंवा नाताळच्या आधी आपण घर काढतो तेव्हा काय करतो? माळ्यावरची प्रत्येक वस्तू हातात घेतो आणि विचारतो, ही कोणाची, लागते का? आजोबांची चिठ्ठी आणि जुन्या वर्तमानपत्राची रद्दी एकाच पोत्यात जात नाही. त्या चौकटीसमोरही एवढाच वेळ द्यावा. तीन ओळी आहेत, वाचायला दहा सेकंद लागतात. नको त्या खुणा काढाव्यात, 'शेवटचा एक तास' की 'आतापर्यंतचं सगळं' हे निवडावं, आणि कॉम्प्युटर सगळ्यांचा असेल तर आत ओरडून विचारावं, "कोणाचं काही उघडं आहे का?"

आपल्या मंडळालाही एक सुचवते. ई-अंकात प्रकाशनानंतर दुरुस्ती झाली तर पीडीएफ त्याच नावाने पुन्हा चढवू नये, नावात नवा क्रमांक द्यावा. नाहीतर ज्याने अंक आधी उघडलाय त्याला चुकलेलं नाव चुकलेलंच दिसत राहतं, आणि मग आपणही त्याला तोच निरोप पाठवतो: कॅशे क्लिअर करून बघ. कार्यालयांना जे सांगायचं ते आधी आपण पाळलेलं बरं. पुढच्या अंकापासून संपादकांनी एवढं करावं.